सातवी विहीर

आमच्या कुत्र्याचं नाव इमान्या होतं, आणि ते त्याच्यासाठी ठेवलेलं नव्हतं. ते नथूकाकासाठी होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि नथूकाका हे सख्खे भाऊ. लोणखेड्यात आमची घरं एका भिंतीने जोडलेली, शेतं एका बांधाने, आणि बांधावर एक विहीर. मी कळता झालो तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद होती. वाटणीत विहीर आमच्याकडे आली, काकाच्या वाट्याला तिच्या पाण्याची पाळी आणि तिथवर जायची वाट आली, आणि ती वाट किती रुंद ह्यावरून पहिला शब्द झाला म्हणतात. दुसरा शब्द कोणता होता ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पण अबोला धरलेली माणसं गप्प बसतात असं ज्याला वाटतं त्याने अबोला पाहिलेला नाही. आमच्याकडे दिवसभर बोलणं चालायचं, फक्त ते माणसांशी नसायचं. आबा ओट्यावर बसून कुत्र्याला तुकडा टाकत भिंतीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "खा रे इमान्या, ह्या गल्लीमा इमान राखनारा तू एकलाच शे." पलीकडून काका बैलाच्या पाठीवर थाप मारायचा. "सर्जा, तू बैल शे तेच बरं. दुसरानं पानी चोराले तुले येत नही." माय तव्याशी बोलायची, काकू जात्याशी. पहाटे दोन जाती एका भिंतीच्या दोन अंगांना फिरायची, आणि एकीची घरघर वाढली की दुसरी मुद्दाम जोरात ओढायची. आमचं दळण त्यामुळे नेहमी जाडंभरडं व्हायचं. त्या जाड पिठाची कळण्याची भाकर, ठेचा आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत, ह्या चवीबरोबर मला आजही पलीकडून येणारी काकूची शिवी ऐकू येते.

काकाचा मुलगा उत्तम माझ्याहून सहा-सात महिन्यांनी लहान. लहानपणी आम्ही एकाच चिंचेवर चढायचो, आणि कुणी मोठं माणूस दिसलं की दोन वेगळ्या फांद्यांवर सरकायचो. सोळाव्या वर्षापर्यंत हे सरकणं अंगात मुरलं होतं. मी शहाद्याच्या शाळेत सातवी पास झालो, तो चौथीतून औताला लागला. तो मोटेवर बसून माझ्या चालण्याची नक्कल करायचा. "बाबू उना रे, बाबू! बाजू व्हा, धोतरले चिखल लागी!" असं तो बैलांना सांगायचा, आणि विहिरीवरच्या बायका हसायच्या. हे मी इतक्या वर्षांनी का सांगतो आहे? कारण पुढे जे घडलं त्याला कोल्हा जबाबदार, रोग जबाबदार, दोघा भावांचं वैर जबाबदार, असं मी फार वर्षं सांगत आलो. त्या यादीत हे हसणं कधी घातलं नाही.

पहिलं मरण पिल्लांचं झालं. इमान्याच्या नावाने काकाचं डोकं रोज फिरायचं, म्हणून त्या साली तो सारंगखेड्याच्या यात्रेतून एक ठिपक्यांचं पिल्लू घेऊन आला. घरी त्याची कुत्री राणी नुकतीच व्याली होती. यात्रेतलं पिल्लू त्याने तिच्या पिल्लांतच सोडलं, एकाच कठड्यात, एकाच परळातलं पाणी. आठवड्याभरात यात्रेतल्या पिल्लाचे डोळे चिकटायला लागले, नाकातून पिवळं वाहायला लागलं. मग बाकीची खोकायला लागली. मग एकेकाचे पाय झोपेतही आपोआप उडायला लागले, जणू कुणी अदृश्य दोरी ओढतंय. उत्तम त्यांना मांडीवर घेऊन बसायचा. एकही वाचलं नाही. शेवटचं गेलं त्या दुपारी काकू भर गल्लीत पदर खोचून उभी राहिली.

"मन्हा पिल्लासले ज्यानी जहर दिन्हं," ती आमच्या दाराकडे न बघता आभाळाला सांगत होती, "त्यासना घरमाबी असंच व्हई! देव देखी ऱ्हायना!"

माय आतून तव्याला म्हणाली, "आमले जहर वाया घालाले नही."

त्या वेळी गावात बैलांना खुरकत आली होती आणि शहाद्याहून ढोरांचे डॉक्टर सायकलवर यायचे. माणूस तरुण, घाटावरचा, खाकी टोपी, आवाज सतत चढलेला. लोक त्यांना भ्यायचे आणि मागे हसायचे. त्यांनी मेलेलं पिल्लू बघितलं, राणीचं नाक बघितलं, आणि काकावरच ओरडले. "विष कुणी घातलं नाही! आजार तुम्हीच यात्रेतून पिशवीत घालून आणलात. नवं जनावर आणलं की महिनाभर वेगळं ठेवायचं, त्याचं भांडं वेगळं ठेवायचं, एवढी साधी गोष्ट. शिंकेतून, लाळेतून, एका भांड्यातून पसरतो हा. आता ती जागा खरवडा, राखुंडी आणि चुना टाका, आणि वर्षभर तिथे पिल्लू बांधू नका." हे सगळं खरं होतं. पण त्याआधी डॉक्टर आमच्या ओट्यावर बसून आमच्या घरचा चहा प्यायले होते, आणि गावात चहा कुणाच्या घरी घेतला ह्यावरून माणूस कुणाचा ते ठरतं. काका त्या दिवसापासून म्हणायला लागला की डॉक्टर आबांचा आहे. मग डॉक्टरांच्या तोंडून पुढे जे जे निघालं ते काकाच्या कानाला आबांचं बोलणं झालं.

नंतर कोल्हा आला. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटऱ्यात होती, आणि मी आमच्या सालदारासोबत, वेस्तासोबत, मळ्यावर होतो. वेस्ता डोंगरातला, काठी गावाच्या बाजूचा, थोडं बोलणारा. टळटळीत दुपार. कोल्हा बांधावरून सरळ आमच्याकडे चालत आला, दबकत नाही, पळत नाही, दारुड्यासारखा झोकांड्या खात. इमान्या त्याच्यावर गेला. वेस्ताने कुऱ्हाडीच्या तुंब्याने कोल्हा मारला तोवर इमान्याचा कान फाटला होता आणि ओठ रक्ताळला होता. वेस्ताने लगेच काटक्या पेटवल्या, विळा लाल केला, आणि मी कुत्र्याचे पाय धरले असताना त्याच्या कपाळावर डाग दिला. पिसाळलेल्या जनावराने चावलेल्या कुत्र्याला कपाळावर डाग दिला की रोग वर चढत नाही, असं तो मानायचा, आबा मानायचे, आणि सातवी पास झालेला मीही मानत होतो. केस जळल्याचा वास माझ्या सदऱ्याला लागला होता. इमान्या ओरडला नाही. माझा हात चाटत राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बैल बघायला मळ्यावर आले. तो डाग दिसताच ते मेहेरबान गरजले, "हे कुणी केलं?" मी कोल्ह्याची हकिकत सांगितली. बांधापलीकडे काका वखर थांबवून ऐकत होता.

"दिवसा कोल्हा? अंगावर आला?" डॉक्टरांनी आधी माझे हात उलटसुलट करून बघितले, कुठे खरचटलं नाही ना म्हणून, आणि साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले. "हे विष लाळेत असतं. दात लागला नाही तरी जखमेवर लाळ लागली तर पुरे. कपाळ भाजून काय होतं? हा कुत्रा आज मारा. मारवत नसेल तर सहा महिने साखळीने बांधा, माणसांपासून लांब, जनावरांपासून लांब. आणि कुणाला चावलाच, तर हळद नको, तिखट नको, मंत्र नको, विहिरी नकोत. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा, घटकाभर धुवा, आणि तडक धुळ्याच्या दवाखान्यात. पोटात सुया घेतात. एकदा लक्षणं सुरू झाली की कोणताही डॉक्टर वाचवत नाही. ऐकलंत?"

आबा कदाचित ऐकतेही. पण पलीकडून काका सर्जाला म्हणाला, "ऐकं का सर्जा? सरकारना मानूस सांगी ऱ्हायना, कुत्राले मारी टाका. आते देखू इमान."

आबांचा चेहरा दगड झाला. "कुत्रा मराव नही," ते म्हणाले.

साखळी मात्र त्यांनी आणली. ती कुठे बांधायची ह्यावर ते संध्याकाळभर विचार करत होते, आणि सकाळी त्यांनी खुंटी ठोकली ती विहिरीवर, काकाच्या वाटेच्या कडेला. माय म्हणाली, "त्या डाक्टरनी लांब बांधाले सांगं ना?" आबा हसले. "डाक्टरनी बांधाले सांगं. मी बांधा. मन्ही विहीर, मन्हा कुत्रा, मन्ही खुंटी." आजाराला अडवायला सांगितलेली साखळी आम्ही शेजाऱ्याला अडवायला वापरली. कुत्रा वाटेपर्यंत पोचत नव्हता, पण भुंकून अंगावर यायचा, आणि काकाकडच्या बायका पाण्याला येईनाशा झाल्या. उत्तम तेवढा यायचा. साखळी कुठे संपते ते त्याने हेरलं होतं. तो मुद्दाम तिथे, इमान्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबायचा आणि म्हणायचा, "भुंक रे इमान्या, भुंक. तुन्हा बाबूले सांग, उत्तम उना व्हता."

एका दुपारी विहिरीवर कुणी नसताना मी ती खुंटी उपटली आणि हातभर पुढे ठोकली.

हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली ते सांगत नाही. मला तेव्हा वाटलं होतं, पुढच्या खेपेला उत्तम दचकेल, पडेल, बायका त्याला हसतील. एवढंच वाटलं होतं का? एवढंच वाटलं होतं, असं म्हणायची मला सवय आहे.

होळी जवळ आली. वेस्ता काठीच्या होळीला निघून गेला, आणि इमान्याला भाकरी टाकायचं काम माझ्याकडे आलं. पळस फुलला होता, मळ्यात दादरीची कापणी सुरू होती, आणि गावात खापरावरच्या मांड्यांसाठी पुरण शिजायचा वास सुटला होता. इमान्याने आदल्या दिवशीची भाकर तशीच ठेवलेली दिसली. तो माती चाटत होता. मी हाक मारली तर त्याने मान वळवली, पण ओळख दिली नाही, आणि भुंकला तो आवाज त्याचा नव्हता, घोगरा, शेवटी लांबलेला, जणू दुसरंच कुणी जनावर त्याच्या घशात बसलं होतं. मी घरी सांगितलं. आबा म्हणाले, "होयीना ढोल ऐकीसन बिथरना व्हई." मी मानलं. मानणं सोयीचं होतं. खुंटी मागे घ्यायची तर त्याच्याजवळ जावं लागलं असतं, आणि आता मला त्याची भीती वाटत होती.

होळीच्या सकाळी उत्तम बैल पाजायला आला आणि नेहमीच्या जागी थांबला. मी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ होतो. त्याने तोंड उघडलं, पण चिडवायचं राहिलंच. इमान्या भुंकला नाही. नुसता उडाला. उत्तमच्या पोटरीत त्याचे दात रुतले आणि सुटेनात, उत्तमने कासऱ्याच्या टोकाने हाणून हाणून सोडवलं. त्याच्या पायातून रक्त वाहत होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. थारोळं पाण्याने भरलेलं होतं. मोटेचं वाहतं पाणी दोन पावलांवर होतं, आणि साबणाची वडी दगडावर. डॉक्टरांचं एकेक वाक्य मला पाठ होतं. मी जागचा हललो नाही. तो लंगडत घरी गेला.

काकूने जखमेत तिखट भरलं. ती किंकाळी भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात आली आणि मायच्या हातातला मांडा खापरावर करपला. मग काकाने ठरवलं, विहिरी दाखवायच्या. ही आमच्याकडची जुनी रीत. कुत्रा चावलेल्याने एका दिवसात, सूर्य बुडायच्या आत, सात विहिरींत डोकावून आपलं तोंड बघायचं. मधे पाणी प्यायचं नाही आणि वाहतं पाणी ओलांडायचं नाही. सातवीत आपलंच तोंड दिसलं, कुत्र्याचं दिसलं नाही, म्हणजे माणूस सुटला. सुटलेला माणूस मग कुठेही जात नाही. घरी जाऊन जेवतो. गावाच्या अंगाला तेव्हा सहा विहिरी होत्या. बाकीच्या गोमाईच्या पलीकडे, आणि नदी ओलांडायची नाही. सातवी आमची.

हे आबांच्या लक्षात काकाच्या आधी आलं. दुपारीच त्यांनी माझ्या हातात काठी दिली. "विहीरवर उभा ऱ्हाय. मन्ही विहीरमा त्यासना कोन्ही डोकावाव नही." ते स्वतः गेले नाहीत. सख्ख्या पुतण्याला तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती नसावी. मला पाठवलं.

दिवस कलला तेव्हा ते तिघे आले. पुढे काका, मागे उत्तम, त्याला धरून काकू. उत्तमचा पाय तिखटाने आणि रक्ताने लाल काळा झाला होता, आणि सहा विहिरींचं चालणं त्याच्या चेहऱ्यावर होतं. कोपऱ्यात इमान्या साखळीला ओढत होता, जबडा लोंबलेला, लाळेची तार जमिनीपर्यंत. काका आधी रीतीप्रमाणे विहिरीशीच बोलला. "माय, तू आमना बापनी खनेल शे. मन्हा पोऱ्याले एकडाव देखू दे." विहीर काय बोलणार? मी काठी आडवी धरली.

मग काकाने मी जन्मात न पाहिलेली गोष्ट केली. तो माझ्याकडे वळला आणि माझ्याशी बोलला.

"रोहिदास," तो म्हणाला. माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "तुन्हा बाप काय म्हनस ते मी नही इचारत. तू सांग. तुन्हा भाऊ शे हाऊ." त्याने डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. "मी तुन्हा पाय पडस."

त्याच्या टकलावर उन्हाची रेघ होती. मागे काकू पदर तोंडात धरून उभी, आणि उत्तम माझ्याकडे बघत होता. त्या वेळी मला डॉक्टर आठवले का? त्यांचं 'विहिरी नकोत' आठवलं का? नाही. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला पुरतं आठवतं, कारण तेवढं स्वच्छ माझ्या मनात पुन्हा कधीच काही नव्हतं. मला वाटत होतं, हा मरावा. हा मेला की मोटेवरून कुणी हसणार नाही, आणि खुंटीकडे बघणारंही कुणी उरणार नाही.

"डोकावाव नही," मी म्हणालो. "मर तठेच." आणि मी ते पागोटं लाथेने विहिरीत लोटलं.

ते लगेच बुडालं नाही. पाण्यावर सुटत गेलं, घडीमागून घडी, आणि पांढरा पट्टा गोल फिरत राहिला. काकू विहिरीकडे बघत म्हणाली, "आते धाकली नही, मोठी नही, कोनतीच विहीर ऱ्हायनी नही. आते त्या डाक्टरनं करा. धुळे चाला." काका उघड्या डोक्याने तसाच परतला. सूर्य बुडायच्या आत त्यांची गाडी जुंपलेली मी पाहिली. होळ्या पेटल्या तेव्हा ते सारंगखेड्याच्या वाटेला होते, तापी उतरून, दोंडाईच्याहून धुळ्याला.

इमान्या दोन-तीन दिवसांत साखळीवरच मेला. शेवटी त्याच्या मागच्या पायांत जीव उरला नव्हता, आणि कुणीही जवळ जात नव्हतं, मीही नाही. जो हात तो चाटायचा त्या हाताने मी त्याच्यावर लांबून माती लोटली. आबा खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे होते. घरी आल्यावर ते मायला म्हणाले, "पिसायेलच व्हता." त्या रात्री ते जेवले नाहीत. मला वाटलं, खुंटी सरकलेली त्यांनी बघितली, आता मार बसणार. पण सकाळी डॉक्टर आले, सगळं विचारून घेतलं, आणि आबा माझ्याआधी बोलले.

"आमना रोहिदासनी विहीर दाखाडू दिन्ही नही. तुम्हीच सांगेल ना, विहिरी नको?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. कधी कुणाला शाबासकी न देणारा तो माणूस पुढे आला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जाणूनबुजून अडवलंस? शाब्बास. अरे, तिथे डोकावला असता तर समाधानाने घरी गेला असता आणि महिन्याभरात पाण्याचा थेंब बघून तडफडला असता." मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. हलवली नसली तरी नाही म्हणालो नाही. त्यानंतर ते ज्या गावात जात तिथे ही गोष्ट सांगत. लोणखेड्याच्या एका पोराने वैराची पर्वा न करता चुलतभावाला वाचवलं, जखम धुवा, विहिरी सोडा, धुळ्याला जा. तळोद्याच्या बाजारात एका अनोळखी माणसाने मला ती सांगितली. किती जण ती ऐकून विहिरींऐवजी दवाखान्यात गेले असतील. माझ्या खोटेपणाने माणसं वाचली असतील, आणि हे माझं समाधान नाही, ती माझी शिक्षा आहे. खोटं निरुपयोगी असतं तर मी ते कधीच टाकून दिलं असतं.

उत्तम वाचला. पोटावर सुया घेऊन, पोट लाकडासारखं कडक करून तो परत आला. अबोला चालूच राहिला, पण त्याचा आवाज बसला. भिंतीपलीकडून येणारी बोलणी कमी झाली. आबा गेले तेव्हा काका खांदा द्यायला आला. पुढे उत्तमच्या पोरीचं लग्न निघालं आणि काका, आता पार वाकलेला, स्वतः मला बोलवायला आला. भर मांडवात त्याने मला पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्याला नवं पागोटं बांधलं. बांधता बांधता माझ्या कानाशी वाकला.

"तुले माहीत व्हतं ना रे? धुळेलेच जातीन म्हनीसन करं ना तू?"

मी म्हणालो, "हां काका."

उत्तम समोर उभा होता, वाढपाची बादली हातात घेऊन. त्याने माझ्या पानात भात वाढला आणि पुढे गेला.

काका मागच्या पावसाळ्यात वारला. तेरावं झाल्यावर मी उत्तमच्या ओट्यावर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो मरावा असं मला वाटत होतं, हे सांगितलं. तो तंबाखू मळत ऐकत होता.

"ते माले माहीत शे," तो म्हणाला. "तुन्हा डोया मी देखेल व्हतात. बाले सांगं नही. त्याले पागोटं बांधानं व्हतं, बांधू दिन्हं."

मला रडू आलं. तिथेच थांबलो असतो तर आज आम्ही शेजारी राहिलो असतो. पण मी खुंटीचंही सांगितलं.

त्याचा हात थांबला. मग त्याने धोतर वर करून पोटरी बघितली, जणू तो व्रण त्याने आजवर नीट पाहिलाच नव्हता.

"खुंटी तू सरकाडी?"

"हां."

"मी त्या जागाले रोज उभा ऱ्हाऊ. माले वाटे, मीच चुकनू. इतला वरीस माले वाटे, साखयी मीच चुकी मोजी." त्याने तंबाखू फेकून दिली. "ऊठ आठेथीन. मन्हा ओटावर पाय ठेवू नको."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. बांधावरून जाताना तो आपल्या कुत्र्याशी बोलतो, आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. "चाल रे. ह्या वाटवर खुंट्या चालतस."

आता शहाद्याला कुत्र्यांना, पिसाळू नयेत म्हणून, वर्षातून एकदा सुई टोचून मिळते. ही सुई तेव्हा आमच्यासाठी असती तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. मी दर साली आमचा कुत्रा नेतो. गेल्या खेपेला, सुई टोचायच्या दिवशी सकाळीच विहिरीवर गेलो तर तिथे, कधी नव्हे तो, उत्तमचा कुत्रा बांधलेला होता. आखूड दोरीने, खुंटीला नाही, थेट बाभळीच्या बुंध्याला, वाटेपासून चांगला लांब. उत्तम पलीकडे पाठ करून बांध घालत होता. मी दोर सोडला आणि दोन्ही कुत्री घेऊन शहाद्याची वाट धरली. संध्याकाळी परत आणून त्याच झाडाला बांधला. दोर मी आखूडच ठेवला, आणि गाठ बसली की नाही ते पुन्हा एकदा ओढून बघितलं.